पप्पांना कृपा घेता येत नव्हती

माझे पप्पा नगरहून आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या घरी आले ते स्ट्रेचरवर, आणि उंबऱ्यातच त्यांनी माझ्या सासूबाईंशी वाद घातला. सासूबाई दारात पवित्र पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन आलेल्या माणसावर दोन थेंब शिंपडावेत, एवढाच त्यांचा विचार. पप्पांनी पडल्यापडल्या हात वर केला. "विहीणबाई, पाणी प्यायला द्या. शिंपडायचं राहू द्या." स्ट्रेचर धरलेल्या माणसांना काही कळेना. सासूबाईंनी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि आतून तांब्या आणून दिला.

पप्पा प्रॉटेस्टंट, आणि तेही मुरलेले; पवित्र पाणी, मूर्ती, नवस असलं काही न मानणारे. नगरकडे एका शाळेत हेडमास्तर होते आणि रविवारी सायकलवरून आसपासच्या गावांतल्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपदेश करायला जायचे. चाळीस वर्षं त्यांचा विषय एकच, कृपा. तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, देव ते फुकट देतो, आपण फक्त विश्वासानं हात पुढे करायचा. माणूस चांगली कामं करतो ती तारण मिळावं म्हणून नाही, मिळालं म्हणून. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. गंमत अशी, की कृपा फुकट आहे हे सांगायला निघालेला हा माणूस स्वतःची भाकरी फडक्यात बांधून न्यायचा. कोणाच्या घरी जेवायचा नाही. "उगाच कोणाचे उपकार नकोत," म्हणायचा.

सासूबाई वसईच्या कॅथलिक. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, त्याला बारा वर्षं झाली. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साची उपासना, संध्याकाळी जपमाळ, तीही मालिकेच्या जाहिराती लागल्या की. शनिवारी चर्चमधल्या चार बायकांबरोबर पळस्प्याच्या पुढच्या वीटभट्ट्यांवर जातात, औषधं, कपडे, दुधाची पावडर घेऊन. जीभ तिखट. सून म्हणून मी ती पुष्कळ चाखली आहे.

मी स्वतः दोन्हीकडे जाते, आणि दोन्हीकडे उशिरा पोचते. नवऱ्याची ड्यूटी शिफ्टची, त्यामुळे घरातल्या धर्मचर्चेला श्रोता म्हणून मीच.

शनिवारी सासूबाई भट्टीवरून परतल्या, की पप्पा खाटेवरून विचारायचे, "काय विहीणबाई, आज स्वर्गाच्या किती पायऱ्या चढलात?"

"तुम्हाला काय, तुम्ही लिफ्टनं जाणार," असं म्हणून सासूबाई चपला काढायच्या.

मग खरं सुरू व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, "आमच्यातही पहिलं पाऊल देवाचंच असतं, मास्तर. त्याची कृपा नसती तर मला भट्टीवर जायची बुद्धी तरी झाली असती का? पण त्यानं हाक मारल्यावर आपण उठायला नको? नुसती ओ देऊन पडून राहायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं?"

"उठायची ताकदही तोच देतो. त्यात तुमचं काय?"

"माझं एवढंच, की मी उठले."

फादरांनी सांगितलंय, की दोन्हीकडच्या शिकलेल्या लोकांनी एकत्र बसून ह्यातलं बरंचसं भांडण कागदावर मिटवलंय, असंही सासूबाईंनी एकदा सांगून पाहिलं. "कागद दाखवा," पप्पा म्हणाले. मी पोळ्या लाटता लाटता मनात म्हणायची, तुमचं स्वर्गाचं नंतर बघा, आधी ह्या माणसाला बाथरूमपर्यंत तरी पोचवा.

कारण पप्पा उठत नव्हते. हॉस्पिटलमध्ये दोन नर्सनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं होतं. गाऊन सुटला, पाय लटपटले, शेजारच्या खाटेवरचा माणूस बघत होता. त्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं, की उठेन तर माझा मी उठेन. आणि स्वतःच्या जोरावर त्यांना उठता येत नव्हतं. फिजिओथेरपीला एक मुलगी यायची. तिच्याशी ते फार गोड बोलायचे, तिच्या शिक्षणाची चौकशी करायचे, आणि तिनं हात पुढे केला की म्हणायचे, "उद्या बघू, बाळ." मी ऑफिसला दांड्या मारून त्यांच्या विनवण्या केल्या, भांडले, एकदा तर वॉकर आपटला. काही उपयोग झाला नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की अजून तीन आठवडे असेच पडून राहिले तर मग कायमचे पडूनच राहतील. आयुष्यभर सायकल मारलेले माझे पप्पा कायमचे खाटेवर! मी रिक्षात बसून रडले आणि घराच्या आधीच्या वळणावर डोळे पुसले.

तेव्हा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, सासूबाई कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या होत्या, आणि पप्पांनी त्याच्यावरही एक शेरा मारला होता. आमच्याकडे ह्या दिवसांत शुक्रवारी मटण-चिकन बंद, म्हणून हमखास मासळी असते. सासूबाईंचं मासळीवाचून पान हलत नाही. पण त्या वर्षी शुक्रवार आले नि गेले, ताटात वरण-भातच. मी डोक्यात डॉक्टरचे शब्द घेऊन फिरत होते, माझ्या लक्षातही आलं नाही.

सांगितलं ते बेलपाड्याच्या कोळणीनं. ती दर दोन दिवसांनी पाटी घेऊन येते आणि सासूबाईंशी तिची घासाघीस अख्ख्या मजल्याला ऐकू जाते. त्या शनिवारी सासूबाई भट्टीवर गेलेल्या, दार मी उघडलं.

"बाय, पापलेट हाय, एकदम ताजा हाय. तू तरी घे. तुजी सासू काय हात लावत नाय."

"का गं?"

"तुला म्हाईत नाय? तुजा बाप पायावर उभा रातो तवर मावरा खायचा नाय, असा बोलली ती. आमी पन करतो असा नवस. पन एवढे दिस? मी तर मेली असती!"

आतून पप्पांचा आवाज आला. "काय म्हणाली ती?"

झालं. सासूबाई दुपारी घरात पाऊल टाकतात तोच पप्पा कडाडले. माझ्या पायांचा सौदा करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, देवाला मासळीची लाच देता काय, आणि मी आता उठलो तर सगळे म्हणणार की विहिणीच्या नवसानं उठला. शेवटी म्हणाले, "म्हणून मी उठणार नाही. देवाच्या कृपेचं श्रेय मी नवसाला देणार नाही." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. कोणी आळसानं पडून राहतं, कोणी भीतीनं. माझे पप्पा सिद्धांतासाठी पडून राहिले होते. माझा तोल सुटला. मी म्हटलं, "पप्पा, तुमची कृपा आणि आईंची कर्मं दोन्ही घाला चुलीत! मला माझा बाप चालताना हवाय!" एवढं ओरडले की वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावलं. मग मी खाली फरशीवरच बसले आणि हमसून रडले. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

सासूबाईंनी मला उठवलं नाही. त्या पप्पांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. वीटभट्टीची लाल धूळ अजून त्यांच्या पातळावर होती.

"मास्तर, इकडे बघू नका हवं तर, पण ऐका. कोळीण म्हणाली नवस. दारात उभ्या उभ्या मी तिला काय धर्मशास्त्र सांगणार? मी देवाला, हे घे आणि ते दे, असं म्हटलेलं नाही. तुम्ही आत पडून भिंतीकडे बघताय आणि मी बाहेर तळलेलं पापलेट खातेय, तो घास मला गिळेना. म्हणून सोडलं. एवढंच आहे ते."

सासूबाईंनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"मी पहिल्यांदा भट्टीवर गेले तेव्हा पुण्य मिळवायलाच गेले होते. खोटं कशाला बोलू? तिथं एका कातकरी बाईनं मला बसवलं आणि तिच्या ताटलीतला भात पुढे केला. तिच्याकडे तेवढाच होता. मी नको नको म्हटलं. तिचा चेहरा असा उतरला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी द्यायला आलेली, मला घेता येत नव्हतं. पुढच्या वेळी मी बसले आणि खाल्ला. त्या भातासाठी मी काही केलेलं नव्हतं हो. तेव्हापासून कोणी दिलं की घेते."

मग त्यांनी आवाज खाली आणला. त्या असं बोलल्या की मी सून म्हणून घाबरते.

"तुम्ही चाळीस वर्षं सांगितलंत, की देव फुकट देतो, आपण फक्त हात पुढे करायचा. मग सहा आठवडे आम्ही सगळे हात पुढे करून उभे आहोत, आणि तुम्ही आपला हात पांघरुणात घालून पडलात. देवानं काय स्वतः यायचं का तुम्हाला उचलायला? त्यानं आम्हालाच पाठवलंय. तुमच्याच शिकवणीनं बघा, आणि सांगा माझं काय चुकलं ते."

पप्पांनी वादात हार खाल्लेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. चर्चच्या पाळकांनाही ते गप्प करायचे. त्यांनी हळूहळू मान वळवली. डोळे भरलेले होते. पांघरुणातून उजवा हात बाहेर आला आणि सासूबाईंच्या हाताशी येऊन थांबला.

सासूबाईंनी तो धरला. दुसऱ्या बाजूनं मी धरला. पप्पा उठून बसले, मग दुखण्यानं ओठ चावत उभे राहिले. खाटेपासून खिडकीपर्यंत चार पावलं! खाली कॉलनीच्या रस्त्यावर माणसं भाजी घेत होती आणि माझे पप्पा उभे राहून ते बघत होते. मी इतकी हसले, इतकी रडले, की सासूबाई ओरडल्या, "अगं धर नीट, पाडशील!" त्या दिवशी मी धावत जाऊन, कॉलनी फिरून परत निघालेल्या कोळणीला जिन्याच्या खाली गाठलं आणि घासाघीस न करता दोन पापलेटं घेतली. घासाघीस केली नाही म्हणून सासूबाईंनी मला झापलं, आणि मग तिघं पोटभर जेवलो.

पुढचं मात्र रोजचं, कंटाळवाणं काम होतं. सकाळी दहा पावलं, संध्याकाळी वीस. फिजिओवाली मुलगी आल्यावर पप्पा आता तिच्या शिक्षणाविषयी बोलत नव्हते, चालत होते. हात धरून घ्यायचे, पण मागायचे कधी नाहीत. आपण पुढे केला तर धरायचे. ताठा असा एका दिवसात जात नाही. वादही चालू होतेच. फक्त आता ते चालता चालता व्हायचे, आणि सासूबाई मुद्दाम अवघड प्रश्न काढायच्या म्हणजे उत्तर देण्याच्या नादात ते दोन फेऱ्या जास्त मारतील. पप्पांना हे ठाऊक होतं असं मला वाटतं.

ईस्टरच्या पहाटे पप्पांना उपासनेला जायचं होतं. आमची मंडळी पनवेलमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. निम्मे लोक नगरकडचे, काहींनी लहानपणी पप्पांचे उपदेश ऐकलेले. सासूबाईंची मिस्सा आदल्या रात्रीच झाली होती, म्हणून त्याही आल्या. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, अशा ठिकाणी त्या पहिल्यांदाच येत होत्या. पदर सावरून पप्पांच्या शेजारी खुर्चीत बसल्या आणि आमची लांबलचक गीतं ओठ मिटून ऐकत राहिल्या.

आमच्यात अशा दिवशी साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते ज्याला सांगायचंय त्यानं पुढे यायचं आणि सांगायचं. पाळकांनी विचारलं तेव्हा पप्पांनी वॉकर बाजूला सारला. हॉलच्या टोकाला स्टेज, त्याला तीन पायऱ्या, कठडा नाही. पाळक माईक घेऊन घाईनं खाली यायला लागले. "मास्तर, तिथूनच बोला, बसूनच बोला." दोघं तरुण त्यांना धरायला उठले. पप्पांनी सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, आता हा हट्टी माणूस एकटा चढायला जाणार आणि सगळ्यांदेखत पडणार.

पप्पा शेजारी वळले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, मला चढता येत नाही. तुमचा हात द्या."

सासूबाई उठल्या. त्यांनी हात दिला, आणि एक पायरी, दुसरी, तिसरी, असे ते दोघं वर गेले.

"चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की कृपा फुकट असते," पप्पा म्हणाले. "ती घेणं किती अवघड असतं ते मी कधी सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं. मी कधी कोणाकडून काही घेतलंच नव्हतं. ह्या बाई कॅथलिक आहेत. त्यांनी मला ते शिकवलं."

आमच्या मंडळीत टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजल्या, आणि सगळ्यात आधी मी वाजवल्या. सासूबाई लाजून खाली यायला निघाल्या, पण पप्पांची साक्ष संपली नव्हती. आधारासाठी उपदेशाचं पुलपिट हाताशी होतं. त्यांनी ते धरलं नाही, सासूबाईंचा हातच धरून ठेवला.