पाच चुकांची मालकीण

माझ्या आत्याने एका माणसाला एकतीस वर्षं माफ केलं नाही, आणि त्यात एका दिवसाचाही खाडा केला नाही. शर्टांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. सहावं बटण पाचव्याच्या रेषेत नसलं तर तिला ते हातभर अंतरावरून दिसायचं, आणि शर्ट परत जायचा. शिवणाऱ्या बायका तिला पाठीमागे 'बाई सुई' म्हणायच्या. घरी आली की हातपाय धुऊन ती चहा घ्यायला बसायची आणि आधी त्या माणसाच्या नावाने कडाकडा बोटं मोडायची. मगच तिला चहा गोड लागायचा.

तो माणूस चित्रपट दिग्दर्शक होता. लग्न असो नाहीतर मयत, डोक्यावर टोपी असायचीच, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव टोपीसाहेब.

कारखान्याच्या आधी, बाविसाव्या वर्षी, आत्या त्याच्याकडे कंटिन्युइटी सांभाळायला होती. चित्रपट ओळीने काढत नाहीत. नायक दारातून निघतो ते आज काढतात आणि दाराबाहेर पाऊल टाकतो ते पुढच्या महिन्यात. मधल्या काळात त्याचा भांग डावीकडून उजवीकडे जाऊ नये, अर्धा पेला आपोआप भरू नये, म्हणून एक माणूस सगळं वहीत टिपून ठेवतं. काढलेलं तिथल्या तिथे बघायची तेव्हा सोय नव्हती. फिल्म धुऊन यायला आठवडा जायचा. तोवर कुठल्या प्रसंगात काय होतं हे एकट्या त्या वहीला ठाऊक.

चित्रपट छोटासा होता. टाइपरायटर दुरुस्त करणारा एक लाजाळू माणूस बोट कापून घेतो, दवाखान्यात जातो आणि पट्टी बांधणाऱ्या नर्सच्या प्रेमात पडतो. नर्स पट्टी इतकी वाईट बांधते की ती जिना उतरेपर्यंत सुटते. तो रोज येतो, नंबराचा बिल्ला घेतो, बाकावर बसतो आणि पाळी आली की ती मागच्याला देऊन टाकतो. तेवढाच आणखी थोडा वेळ तिच्याकडे बघत बसता येतं.

शेवट काही केल्या जमेना. टोपीसाहेबांनी नायकाला धावत्या बसमागे पळवून पाहिलं, पण तो नट पळताना बदकासारखा दिसायचा. तेव्हा आत्या घाबरत घाबरत म्हणाली, "साहेब, तिलाच त्याच्या दुकानात आणलं तर? रांगेत बसेल. टाइपरायटर नसेलच तिच्याकडे. पाळी आली की मागच्याला देईल."

टोपीसाहेबांनी टोपी मागे सारली. "लेखनसाहाय्यात तुझं नाव घालू," ते म्हणाले. आत्याने ती तारीखही वहीत लिहिली.

पुढे नावांची यादी टाइप होऊन आली. आत्याचं नाव लेखनात नव्हतं, आणि कंटिन्युइटीसमोर साहेबांच्या मेहुण्याचं नाव होतं. मेहुणे सेटवर फक्त जेवायच्या सुट्टीत यायचे, तेही पहिल्या पंगतीला. आत्या थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझं नाव राहिलं."

"अगं, कंटिन्युइटी म्हणजे काय? चांगली झाली की कोणाला कळतच नाही. ज्याचं काम दिसत नाही त्याचं नाव दिसून काय करायचंय?"

साहेब स्वतःच्या वाक्यावर हसले. मग चाळीस माणसं हसली, कारण काम देणारा हसला होता. दिवेवाल्याने तर टाळीही दिली.

"बरं साहेब," आत्या म्हणाली, आणि दिसेल असं काम करायला लागली.

पट्टी दिसते असे सहा प्रसंग चित्रपटात आहेत. पहिला आधीच काढून झाला होता आणि त्यात पट्टी उजव्या तर्जनीवर होती. दुसऱ्याच्या वेळी मेकअपकाका चिकटपट्टी कापत होते तेव्हा आत्या म्हणाली, "करंगळीला."

"करंगळी? मला तर हे बोट आठवतंय."

"वहीत करंगळी आहे, काका."

"वहीत असेल तर असेल बाई. मला कालचं जेवण आठवत नाही, बोटं कुठली आठवायची!"

वहीत होतीच. आत्याने सकाळीच लिहून ठेवली होती, आणि पुढे एक शब्द: मुद्दाम. मग पट्टी अंगठ्यावर गेली, अनामिकेवर गेली, तिथून उडी मारून डाव्या करंगळीवर आणि शेवटी डाव्या तर्जनीवर. प्रसंग उलटसुलट क्रमाने निघत होते, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. लागला तोवर दवाखान्याचा सेट मोडून तिथे पोलीस चौकी उभी राहिली होती.

चित्रपट आठवडाभर चालला. एका समीक्षकाने लिहिलं, 'नायकाची जखम बोटाबोटांतून हिंडते. दिग्दर्शकाचं लक्ष तिच्याहून लांब हिंडत असावं.' आत्याने ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. साडी काढायला दार उघडलं की तिचा दिवस चांगला जायचा.

पण टोपीसाहेब काही दुधखुळे नव्हते. ही पोरगी आंधळी आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर आत्याला चित्रपटाच्या कामासाठी एकही बोलावणं आलं नाही. शर्टांचा कारखाना आला तो त्यातून.

टोपीसाहेबांचा पुढचा प्रत्येक चित्रपट ती पहिल्या दिवशी बघायची आणि चुकांची यादी करून बिननावाचं पत्र धाडायची. 'नायिका रडते तेव्हा मेणबत्ती उंच होत जाते. मागच्या भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं मागे जातं. मयताचं पोट हलतं.'

"ताई, पुरे की आता," माझे बाबा म्हणायचे. "तो वाचत तरी असेल का?"

"वाचतो. चौथ्या चित्रपटात भिंतीवर एकही घड्याळ ठेवलं नाही त्याने."

एवढ्यावर तिचं बरं चाललं होतं. मग पडेल म्हणून विसरलेला तो पहिला चित्रपट कुठल्याशा वाहिनीवर भर दुपारी लागला आणि कॉलेजातल्या पोरापोरींना वेड लागलं. त्यात खलनायक नाही. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं कोणी म्हणत नाही. नर्सचे वडील नायकाला दर भेटीत नव्याच धंद्यातला समजतात आणि तो बिचारा त्यांच्यासाठी एकदा नळही दुरुस्त करतो. गाण्यात नायक मधली ओळ विसरतो आणि नुसतं गुणगुणत राहतो. या सगळ्यावर लोक खूश होतेच, पण खरा जीव जडला तो पट्टीवर. त्यांनी आपसात अर्थ लावला होता की जखम केव्हाच बरी झाली आहे. तिने रोज नवं बोट हातात धरावं म्हणून हा लबाड पट्टी बदलतो, तिला ते कळतं, आणि ती एका शब्दाने बोलत नाही. इतकं गोड खोटं दुसऱ्या कुठल्या चित्रपटात नाही, असं ते एकमेकांना सांगायचे. खेळाला येताना बोटाला पट्टी बांधून यायचे आणि पडद्यावर हात दिसला की ओरडायचे, "अंगठा! अनामिका!"

हे ऐकून आत्या नुसतं "हं" म्हणाली. मग वर्तमानपत्रात टोपीसाहेबांची मुलाखत आली.

'ती पट्टी मी विचारपूर्वक फिरवली. प्रेमात पडलेल्या माणसाची जखम एका जागी राहत नाही.'

आत्याने कप खाली ठेवला. त्या दिवशी तिने बोटंही मोडली नाहीत.

"माझा सूडसुद्धा चोरला मेल्याने!"

"ताई..."

"नाव घेतलं, शेवट घेतला, आता राग पण घेतला. माझ्याकडे राहिलं काय रे?"

पुढच्या महिन्यात एक चित्रपट मंडळ सकाळी दहाला तोच चित्रपट दाखवणार होतं. टोपीसाहेब पाहुणे म्हणून येणार होते. आत्याने त्या दिवशीची रजा टाकली. भरल्या सभेत, त्याच्या तोंडावर, त्या पाच चुका आपल्या आहेत एवढंच तिला म्हणायचं होतं.

"लोक तुलाच नावं ठेवतील," बाबा म्हणाले. "चित्रपट बिघडवला म्हणतील."

"ठेवू देत. कुठेतरी माझं नाव तर येईल."

आत्याने ती जुनी वही बरोबर घेतली आणि मी तिच्याबरोबर गेले. सभागृह गच्च भरलं होतं. दाराशी मंडळाच्या चिटणीसबाई पट्ट्या वाटत होत्या. आत्याने घेतली नाही. दिवे मालवले, चित्रपट सुरू झाला आणि पडद्यावर करंगळी आली. तीनशे माणसं ओरडली, "करंगळी!" माझ्या शेजारी आत्या ताठ बसली होती. हा चित्रपट तिने लोकांत बसून कधी पाहिला नव्हता. प्रत्येक बोटाला तिच्या मांडीवरच्या वहीचं पान उलटत होतं, आणि अंधारात तिला ते वाचायची गरज नव्हती. शेवटी नर्स दुकानातल्या बाकावर बसली, पाळी आली, तिने मागच्याकडे बोट केलं. सभागृहात बायका हसता हसता डोळे पुसत होत्या. आत्याचे डोळे कोरडे होते. "शेवट चार सेकंद जास्त ठेवलाय," ती म्हणाली.

मग टोपीसाहेब मंचावर आले. केस गेले होते, टोपी होती. पहिलाच प्रश्न पट्टीचा. ते प्रेमावर, जखमेवर आणि स्वतःवर बराच वेळ बोलले. आत्याने हात वर केला. चिटणीसबाईंनी माईक दिला.

"पट्टी पाच बोटं बदलते," आत्या म्हणाली. "उजव्या हाताची बाकी चारही बोटं झाली, मधलं राहिलं. का हो साहेब?"

त्यांनी तिला ओळखलं नाही. "फार सुंदर प्रश्न. मधलं बोट सगळ्यात उंच. ते माणसाच्या अहंकाराचं प्रतीक. प्रेमात अहंकाराला जागा नसते."

टाळ्या कडाडल्या. आत्या त्या संपेपर्यंत थांबली.

"तसं नाही. पट्टी करंगळीवर आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नायकाचं मधलं बोट गाडीच्या दारात सापडलं होतं. काळंनिळं झालं होतं. मेकअपकाका रोज त्यावर रंग लावायचे. वर पट्टी बांधली असती तर तो ओरडला असता. पेला धरताना तो ते बोट वर ठेवतो बघा. तुम्ही लोक त्याला नजाकत म्हणता. दुखत होतं त्याला."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. चिटणीसबाईंनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. पडद्यावर नायकाने पेला उचलला. मधलं बोट ताठ वर होतं.

आता टोपीसाहेबांनी डोळे बारीक केले. माणूस हुशार. "अरे, ही तर आमची वहीवाली! मंडळी, ही माझी जुनी सहकारी. ये, वर ये. सगळ्यांना सांग, आपण मिळून कसं केलं ते."

मला वाटलं, आता चौथ्यांदा चोरतोय. आत्या मंचावर गेली, पण त्यांनी पुढे केलेला हात तिने घेतला नाही. चष्मा लावला, वही उघडली आणि कारखान्यात शर्ट नाकारताना वाचते त्या आवाजात वाचलं.

"दिवस एकोणिसावा. दुपारी बारा दहा. दिग्दर्शक उभे, टोपी सरळ, डावा हात कमरेवर, उजव्या हातात पेला, चहा अर्धा. वाक्य: 'ज्याचं काम दिसत नाही त्याचं नाव दिसून काय करायचंय?' हसणारी माणसं चाळीस. दिवेवाल्याची टाळी." तिने पान उलटलं. "दिवस विसावा. करंगळी. मुद्दाम."

पाचही बोटं तिने तारखेसकट वाचली. प्रत्येकापुढे 'मुद्दाम' होतं. दुसऱ्यापासून लोक दबक्या आवाजात तिच्याबरोबर म्हणायला लागले.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिच्या अंगठ्याला पट्टी होती. "म्हणजे... ते प्रेमापोटी नव्हतं?"

"नाही गं बाळ. रागापोटी होतं."

मुलीचा चेहरा पडला. आत्याने ते पाहिलं, पण शब्द मागे घेतला नाही. "तुम्ही लावलेला अर्थ माझ्यापेक्षा चांगला आहे," ती म्हणाली, "तो तुमच्याकडे ठेवा. पण तो त्यांचा नाही."

टोपीसाहेब माईकपासून लांब सरकले होते. "इतक्या वर्षांनी हे काढून तुला काय मिळालं?" ते हळू म्हणाले. माईक चालूच होता, ते सगळ्यांनी ऐकलं.

"अजून काही नाही. मिळेल."

चिटणीसबाई हुशार निघाल्या. मूळ चित्रपटाला हात लावता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण मंडळ जिथे जिथे तो दाखवतं तिथे आधी एक पाटी दाखवता येईल. काय लिहायचं? लेखनसाहाय्य? कंटिन्युइटी?

"शेवटाची कल्पना, ते लिहा," आत्या म्हणाली. "आणि खाली, चुका."

"चुका?"

"चुका, आणि पुढे माझं नाव."

"हे बरोबर नाही," टोपीसाहेब उसळले. "माझा चित्रपट चुकीचा आहे असं दिसेल."

"यात फक्त पाच माझ्या, साहेब. तुमच्या वेगळ्या आहेत. त्यांची यादी पोस्टाने पोचलीच असेल."

तेव्हा त्यांना पत्रांचा उलगडा झाला. त्यांनी टोपी काढली. मी त्यांना पहिल्यांदा टोपीशिवाय पाहिलं आणि मला किंचित वाईट वाटलं. आत्याला वाटलं नाही. परतताना ती सगळ्या वाटेने गुणगुणत होती.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका सभागृहात पुढचा खेळ झाला. पाटीवर आत्याचं पूर्ण नाव आलं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी वळून पाहिलं तर आत्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. मध्यंतरात तिने चिटणीसबाईंना गाठलं.

"माझी पाटी चार सेकंद होती."

"हो ना! आवडली का?"

"त्याचं नाव सहा सेकंद आहे," आत्या म्हणाली. "माझे दोन सेकंद कुठे गेले?"