नाव अखेरच्या ओळीत

विटेवर उभ्या असलेल्या त्या सावळ्या मौनाला प्रथम वंदन. त्याच्यापुढे बसून आम्ही पस्तीस वर्षे टाळ वाजवले. त्याने कधी वाहवा केली नाही, आणि तो कधी कंटाळून उठूनही गेला नाही. एवढा धीराचा श्रोता लाभल्यावर माणसाने आणखी काय मागावे?

घाटकोपरच्या डोंगरउतारावर, विठ्ठल-रखुमाईच्या लहानशा देवळात आमचे भजनी मंडळ बसते. मंडळात किस्से साठतात ते टाळांच्या पेटीत दोरीचे तुकडे साठावेत तसे. दोरी तुटते, नवी ओवली जाते, पण जुना तुकडा कोणी टाकत नाही. पूर्वी हे तुकडे आम्ही हसण्यासाठी बाहेर काढत असू. आता पंधरा जणांतले सहा उरलो आहोत आणि हार्मोनियमच्या पेटीमागची मधली जागा रिकामी आहे. त्यामुळे हसू येते, पण ते पुरते बाहेर पडत नाही.

ती जागा दत्ताराम बुवांची. बुवा मूळचे कणकवलीकडचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून नोकरी केली. दिवसभर फाटकाशी उभे राहायचे आणि गुरुवारी व एकादशीला देवासमोर गायचे, असे त्यांचे आयुष्य गेले. झांजेवर सावंत. मी महापालिकेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. अभंगांची वही माझ्याकडे असते, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. आणि पखवाजावर बुवांचा नातू सिद्धेश. आईबाप लवकर गेले, तेव्हा बुवांनीच त्याला वाढवले. आठव्या वर्षापासून त्याचे बोट पखवाजावर होते.

एकोणिसाव्या वर्षी त्याने ते काढून घेतले.

*

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. भजन संपले होते, सावंत प्रसादाचे शेंगदाणे वाटत होते. सिद्धेश उभा राहिला आणि म्हणाला की यापुढे मला जमणार नाही, मी रॅप करतो, पोरे ऐकतात, पुढच्या महिन्यात अंधेरीला शो आहे.

बुवा रागावले नाहीत. ते म्हणाले, ऐकव. सिद्धेशने ऐकवले. शब्द इतक्या वेगाने येत होते की निम्मे मला कळलेच नाहीत. जे कळले ते देवळात न बोललेले बरे. बुवा डोळे मिटून गुडघ्यावर बोटाने मात्रा मोजत होते. गाणे संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"ताल बरोबर आसा. पण ह्यात देव खंय आसा?"

सिद्धेश म्हणाला, "आजोबा, सकाळी पाचला नळावर आपल्या बायका भांडतात ना, ती भांडणं आहेत यात. देव कधी तिथे लाइनीत उभा दिसला, तर घेतो त्यालाही."

सावंतांच्या हातातून शेंगदाणे सांडले. बुवा उठले. पखवाजाला लाल फडक्यात गुंडाळून त्यांनी तो कोनाड्यात ठेवला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी मळलेली कणीक लावावी लागते. ती कणीक बुवा घरून एका डबीत आणत. सिद्धेश गेल्यानंतरही दर एकादशीला ती डबी येत राहिली. भजन संपले की ते ती उघडून पाहत आणि तशीच परत नेत. दुसरा पखवाजवाला शोधू या, असे मी एकदाच सुचवले. पुन्हा सुचवले नाही.

*

वर्षभरात सिद्धेशचा "डोंगऱ्या" झाला. हे त्याने स्वतःला दिलेले नाव. रिक्षात डोंगऱ्या, न्हाव्याकडे डोंगऱ्या, आणि गणपतीत तर देवासमोरच डोंगऱ्या! मुलुंडच्या एका कॉलेजात त्याचा कार्यक्रम होता, त्याचे तीन पास त्याने पाठवले. बुवांनी धोतर इस्त्री करून घेतले. सावंत आणि मी बरोबर गेलो.

येथे आमच्या मंडळाची एक रीत सांगणे भाग आहे. संत आपले नाव अभंगाच्या अखेरच्या ओळीत घालतात, तेही दारात उभ्या असलेल्या याचकासारखे. ती ओळ आली की आमचा पखवाज थांबतो. सारे हात जोडून मान खाली घालतात आणि बुवा ती ओळ तालाविना म्हणतात. मग त्यांनी गुडघ्यावर बोट टेकवले की पखवाज पुन्हा उठतो. पस्तीस वर्षांत ही गोष्ट अंगात इतकी भिनली होती की हात आपोआप जुळत.

कार्यक्रम सुरू झाला. धूर सुटला, दिवे फिरले आणि अचानक सारी वाद्ये थांबली. त्या शांततेत सिद्धेशने स्वतःचे नाव घेतले, "डोंगऱ्या!"

आणि आम्ही तिघांनी हात जोडून माना खाली घातल्या.

कोणाच्या तरी कॅमेऱ्याने ते टिपले आणि मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवले. हजारभर पोरे हसली. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा आमच्या चाळीत प्रत्येक फोनवर होता, खाली लिहिले होते, "डोंगऱ्याचे सिनियर भक्त." भाजीवालीनेही मला तो दाखवला. संतांचे नाव यायला सारा अभंग ऐकावा लागतो. या मुलांचे नाव गाण्याच्या आधीच येते आणि गाणे संपल्यावरही तेवढेच उरते. पण हे मी बुवांना म्हटले नाही. घरी परतताना ते एवढेच म्हणाले, "नातू थांबलो बरोबर जागेवर."

*

मग चाळीत माणसे येऊ लागली. कोणी सिद्धेशच्या दाराबरोबर फोटो काढी, कोणी नळाबरोबर. एका दुपारी एक तरुण मुलगी कॅमेरा घेऊन देवळात आली. तिला ताऱ्याची पाळेमुळे दाखवायची होती. मुलगी नम्र होती, चपला तिने बाहेर काढल्या होत्या. तिने बुवांच्या मांडीवर पखवाज ठेवला. बुवांनी सांगितले की मी पखवाज वाजवत नाही, मी गातो. ती म्हणाली, चालेल, नुसता हात ठेवा.

मग ती म्हणाली, "आणि काका, एक गजर म्हणा ना. फक्त आठ सेकंद."

"देवाचां नाव एका सेकंदात होता," बुवा म्हणाले. "बाकीची सात कोणाची?"

ती ओशाळून हसली. बुवा मात्र गायले, आणि पाचव्या सेकंदाला त्यांचा आवाज फाटला. तिने पुन्हा घेतले, पुन्हा फाटला. तिला वाटले वयामुळे असेल. मलाही तसेच वाटले. आठवड्याने डॉक्टरांनी सांगितले की घशात गाठ आहे, ती काढावी लागेल, आणि काढल्यावर आवाज राहील याचा भरवसा नाही.

बुवांनी विचारले की कार्तिकी एकादशीपर्यंत थांबता येईल का. डॉक्टर म्हणाले, थांबू नये. बुवा थांबले. त्यांना एकदाच, शेवटचे, नातवाच्या पखवाजावर गायचे होते.

*

ते त्यांनी सिद्धेशला सांगितले नव्हते. सांगायला निमित्त हवे होते, आणि ते भांडणाच्या रूपाने आले.

अंधेरीचा एक रॅपर होता, स्वतःला "शटर" म्हणवणारा. त्याने एका गाण्यात सिद्धेशची लाज काढली. त्यात एक ओळ अशी होती की तुझा आजा टाळ कुटून भीक मागतो. चाळ पेटली. पोरे अंधेरीला जायला निघाली होती. सिद्धेशने आठ दिवसांनी उत्तराचे गाणे काढले, तेव्हा कुठे ती शांत झाली.

बुवा मात्र उजळले होते. तरुणपणी त्यांनी डबलबारी गाजवली होती. दोन बुवा, दोन मंडळे एकाच मंचावर समोरासमोर बसतात आणि पहाटेपर्यंत पद्यातून एकमेकांचे वाभाडे काढतात. पण भैरवी झाली की दोघे उठून कडकडून भेटतात. बुवांची त्यावर आणखी एक रीत होती. दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या घरी जात. "सवाल झालो, जबाब झालो," ते म्हणाले. "आता नारळ देऊक व्हयो."

शटर जुहूच्या एका हॉटेलात असल्याचे कळले. रिक्षात बुवा नारळ मांडीवर धरून बसले होते. हॉटेलच्या काचेच्या दारातून आम्ही आत गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर शटर आणि सिद्धेश एकाच बशीतून बटाट्याच्या काड्या खात होते.

त्यांच्या मॅनेजरने आम्हांला समजावून सांगितले. दोन्ही गाणी त्यानेच ठरवली होती, कोण कधी शिवी देणार हेही. "कंटेंट आहे काका, मनावर घेऊ नका." बुवा ऐकत राहिले. शटर हा विशीतला पोरगा. तो उठला, बुवांच्या पाया पडला आणि खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, ती भीक मागायची ओळ माझी नाय. सिद्धूनेच लिहून दिली."

बुवांनी नारळ त्याच्या हातात ठेवला. "तू खरां बोललंस. नारळ तुझो."

सिद्धेश रिक्षापर्यंत मागे धावत आला. सॉरी म्हणाला, रडला, आणि हवे ते सांगा म्हणाला. बुवांनी घशातल्या गाठीचे सांगितले नाही. ते फक्त म्हणाले, कार्तिकीला पखवाजावर बस. सिद्धेशने त्यांच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. नेमका गळ्यालाच.

*

कार्तिकीला देऊळ भरले होते, तारा येणार म्हणून. चार वाजता एक टेम्पो आला आणि त्यातून वीस फुटी फ्लेक्स उतरला. "कार्तिकी एकादशीच्या हार्दिक शुभेच्छा," आणि खाली काळा चष्मा लावलेला सिद्धेश. बरोबरच्या माणसाने सांगितले की सर दुबईला अडकलेत, पण हे पाठवले आहे. फ्लेक्स कमानीवर लावला तर विठ्ठल झाकला जात होता.

गर्दी हळूहळू पांगली. बुवांनी सावंतांना सांगितले की फ्लेक्स पालथा अंथरा, जमीन थंड आहे. आम्ही त्याच्या कोऱ्या बाजूवर बसलो.

"इलो एकदाचो," बुवा म्हणाले. "पण तोंड लपवून."

कोणीही हसले नाही. पखवाज फडक्यातच होता, कणीक डबीतच. बुवा तालाविना तासभर गायले. मी तसे गाणे पूर्वी ऐकले नव्हते. चार दिवसांनी शस्त्रक्रियेत त्यांचा घसा उघडला गेला आणि आवाज गेला.

*

पुढचा आणि शेवटचा किस्सा मी फारसा कोणाला सांगत नाही.

मार्गशीर्षातली एकादशी. दुपारची वेळ, देवळात आम्ही सहा जण. बुवा गळ्याला मफलर गुंडाळून पेटीमागे बसले होते. बोलण्यासाठी त्यांच्याजवळ शाळकरी मुलांची पाटी असे. सिद्धेश आला. एकटाच, साध्या चपला घालून. गाठीचे सारे सावंतांनी त्याला फोनवर सांगितले होते, आणि सावंतांची जीभ मवाळ नाही.

तो कोणाकडे न पाहता कोनाड्यापाशी गेला, पखवाजाचे फडके सोडले आणि बुवांपुढे हात पसरला. बुवांनी डबी दिली. त्याने कणीक लावली.

पण गाणार कोण? मी वही उघडली, तर बुवांनी हाताने ती मिटवली. त्यांनी पेटीवर एकच सूर धरला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज नव्हता, वारासुद्धा नव्हता. सिद्धेशने ठेका धरला. आम्ही झांजा-टाळ धरले. कोणता अभंग चालला आहे हे आम्हांला माहीत नव्हते. बुवांचे डोळे मिटलेले होते आणि सिद्धेशचेही.

बराच वेळ गेला. मग एका जागी सिद्धेशचा हात थांबला.

बुवांचे हात जोडलेले होते.

आम्ही माना खाली घातल्या. बाहेर कोणीतरी सिद्धेशला येताना पाहिले असावे, पोरे जमली होती आणि ओरडत होती, "डोंगऱ्या! डोंगऱ्या!" सिद्धेशने मान वर केली नाही. ती ओळ किती वेळ चालली ते मला सांगता येणार नाही. मग बुवांनी गुडघ्यावर बोट टेकवले आणि पखवाज पुन्हा उठला.

आरती झाल्यावर बुवांनी पाटी ओढून घेतली, काही लिहिले आणि ती आमच्यापुढे फिरवली. बुवा चेष्टा करत असतील म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेष्टेचा नव्हता. पाटीवर लिहिले होते,

"आज गायलो कोण?"

सिद्धेशने पाटी घेतली, वाचली आणि न पुसता विटेपाशी ठेवली. ती अजून तेथेच आहे.

हे ज्यांनी ऐकले त्यांच्या घरात सांजवात तेवत राहो, कोणाचाही कंठ अकाली न मिटो, आणि दूर गेलेले प्रत्येक लेकरू उंबऱ्यात वेळेवर पोहोचो.