कासुर्डीच्या फाट्यावरचा डबा

गरम भाकरी फडक्यात गुंडाळली, की त्या वासानं मला कासुर्डीची आमची शेजारीण आठवते. तिचा नवरा कुरकुंभला कंपनीत होता. हायवे ओलांडताना ट्रकनं उडवला. तेरावं झालं आणि दुसऱ्याच सकाळी ती त्याचा डबा भरून फाट्यावर कंपनीच्या बससाठी जाऊन उभी राहिली. डोळे कोरडे, नजर बसच्या दाराकडे. मी तिला घरी ओढत होते, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा दोस्त बसमधून उतरला, घुटमळला आणि म्हणाला, "वहिनी, द्या इकडं." मग रोजच तो डबा न्यायचा, संध्याकाळी रिकामा करून आणून द्यायचा. बायका म्हणायच्या, "ह्यो बी येडाच हाय." उन्हाळा लागला तेव्हा एके दिवशी डबा देताना तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "भावजी, कारलं हाय आज. त्यांना न्हाई आवडायचं. तुम्ही खाता न्हवं?" "व्हय," म्हणत तो रस्त्याकडेलाच बसला, आणि ती त्याच्याशेजारी बसून, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं रडली. यंदा माझेही मालक गेले. भेटायला येणारे खूप समजावतात. मी मान डोलावते, आणि वाटतं, कुणीतरी विचारावं, आज त्यांच्यासाठी काय केलंय?