अष्टमातला मंगळ आणि एक प्लेट खिचडी

देवासच्या नीलकंठराव मुजुमदारांकडे लोक भविष्य विचारायला येत नसत, जन्मवेळ शोधायला येत. शाळेत उभा जन्म गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला आणि बघता बघता त्यांचं नाव थेट खातेगांवपर्यंत गेलं. तारीख ठाऊक आहे पण वेळ ठाऊक नाही, अशी माणसं आपल्याकडे पोत्यानं सापडतात, त्यामुळे त्यांच्या बैठकीत गिऱ्हाईक नाही असा दिवस नसे.

लोहारद्याचा एखादा शेतकरी येऊन सांगे, "गुरुजी, भैंस दुहने का टाइम था, बस इतना मालूम है." नीलकंठरावांना एवढं पुष्कळ होतं. सकाळची धार की संध्याकाळची? कोण काढत होतं? पारडू सोडलं होतं की बांधलेलं होतं? लाइट होती की गेली होती? मग आजीला फोन, चुलत्याला फोन, गावातल्या जुन्या शेजाऱ्याला फोन. त्यानंतर हात कधी मोडला, नोकरी कधी लागली, सासरा कधी वारला हे सगळं पत्रिकेशी ताडून बघायचं आणि घटना बसेपर्यंत वेळ थोडी पुढे-मागे सरकवायची. याला ते वेळ शुद्ध करणं म्हणत.

एका व्यक्तीला मात्र ते कधीच काही विचारत नसत, ती म्हणजे खुद्द आई. "बाळंतिणीला काळाचं भान नसतं," हा त्यांचा नियम होता. हा नियम कुठल्या ग्रंथात आहे, असं त्यांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी ग्रंथाचं नावही ठोकून दिलं असतं.

सबंध देवासात बिनचूक पत्रिका एकच, असं ते छाती काढून सांगत, आणि ती त्यांच्या मुलीची, मेधाची. "मी स्वतः हातात घड्याळ घेऊन प्रसूतिगृहाच्या दाराशी उभा होतो. संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं." या घड्याळी वेळेनं मेधाच्या पत्रिकेत मंगळ आठव्या घरात पडला होता. मुलीच्या पत्रिकेत याहून वाईट जागा नाही. त्या मंगळापायी तिची चार-पाच स्थळं परत गेली होती. नीलकंठरावांना वाईट वाटे, पण वेळ ती वेळ. त्याच पत्रिकेप्रमाणे सातव्या वर्षी तिला मोठं दुखणं यायचं होतं. त्या वर्षी मेधा शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली आली. ते आपण केलेल्या शांतीचं फळ, असं नीलकंठरावांनी ठरवून टाकलं.

आता मेधा एकतीस वर्षांची होती, कॉलेजात शिकवत होती, आणि तिनं घरात सांगितलं होतं की तिला धारच्या मयुरेशशी लग्न करायचंय. मयुरेश तिरल्याच्या शाळेत मास्तर होता. त्याचे वडील बळवंतराव दिलदार माणूस. हुंडा नको, मानपान नको, फक्त पत्रिका जुळली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रविवारी धारला जायचं ठरलं होतं.

"बाबा, वेळ थोडी सरकवा ना," शनिवारी सकाळी मेधा म्हणाली. "पूरे खातेगांवची सरकवली तुम्ही."

"त्यांची शुद्ध केली. तुझी मुळातच शुद्ध आहे."

"मग मी काय करू? मला दुसऱ्या कोणाशी लग्न नाही करायचं, बाबा." ती उठून आत गेली.

पोरीचं सुख एका बाजूला आणि आपला खरेपणा दुसऱ्या बाजूला, अशी नीलकंठरावांची कोंडी झाली. खोटी वेळ लिहायची तर उद्यापासून पंचांगाला हात कोणत्या तोंडानं लावायचा? ते डोकं धरून बसले.

मेथी निवडत बसलेल्या विद्युल्लताबाई मान वर न करता म्हणाल्या, "ती दिवेलागणीच्या आत झाली."

"कोण?"

"मेधा. आणखी कोणाला जन्म दिलाय मी?"

"अगं, मी दाराशी उभा..."

"तुम्ही दाराशी नव्हता. चैत्रातली नवरात्र होती, तुमचा उपास होता, भूक धरवेना म्हणून तुम्ही चौकात साबुदाण्याची खिचडी खायला गेलात. देवीच्या टेकडीवर दर्शनाला ही गर्दी, परत येताना अडकलात. इकडे पोर रडली, मग टेकडीवर आरतीचा नगारा वाजला. तुम्ही आलात तेव्हा आरती संपून लोक खाली उतरत होते. नर्स म्हणाली, अभी-अभी हुई है, आणि तुम्ही घड्याळ बघितलंत. तुमच्या मिशीला शेंगदाण्याचा कूट होता."

नीलकंठरावांचा हात आपसूक मिशीकडे गेला. दाराशी उभं राहिल्याची गोष्ट त्यांनी इतकी वर्षं इतक्यांदा सांगितली होती की ती त्यांना स्वतःलाच खरी वाटू लागली होती. खिचडी मात्र आता लख्ख आठवली. वर लिंबू पिळलेलं होतं.

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तेव्हाच बोलले होते. तुम्ही म्हणालात, बाळंतिणीला काळाचं भान नसतं. पुन्हा कशाला सांगू?"

"पण तिची स्थळं मोडली, तेव्हा तरी?"

विद्युल्लताबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "त्यातलं एकही मला पसंत नव्हतं," त्या म्हणाल्या.

दुपारभर नीलकंठराव आरतीच्या वेळेवरून आकडेमोड करत बसले. पत्रिकेचं पहिलं घरच बदललं आणि मंगळ आठव्यातून उठून नवव्यात, भाग्यात जाऊन बसला. दुखणं पुसलं गेलं, शर्यत बसली, नोकरी बसली. इतकी चोख पत्रिका त्यांच्या हातून आजवर उतरली नव्हती.

रविवारी धारला बळवंतरावांनी ती पत्रिका चष्मा लावून नीट वाचली. "मुजुमदारसाहेब, यात वेळ वेगळी आहे. तुमची ती सात-पाचची घड्याळी वेळ तर आमच्याही कानांवर आली होती ना?"

मेधानं श्वास रोखला. एक छोटीशी थाप मारून सुटता आलं असतं. नीलकंठरावांनी बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"मी दाराशी नव्हतो," ते म्हणाले. "खिचडी खात होतो. ही वेळ हिनं सांगितली आहे. मी इतक्या वर्षांत तिला विचारलंच नव्हतं."

बळवंतराव पोट धरून हसले. "काय सांगता भिया," म्हणत त्यांनी नीलकंठरावांच्या पाठीवर थाप मारली, आणि मेधाचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ राहिला नाही. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मयुरेशच्या आई, इरावतीबाई, ट्रे ठेवून तिथेच बसल्या.

"आईला विचारत असाल तर मग आमच्या मयुरेशचीही वेळ लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

"त्याची भर दुपारची आहे," बळवंतराव म्हणाले. "मीच लिहिली."

"तुम्ही तिरल्याला होता. तुम्हाला कळलं तेव्हा दुपार झाली होती. तो सकाळी दूधवाला दारात आला, तेव्हा झाला."

बळवंतरावांचं हसू मिशीतच राहिलं. नीलकंठरावांनी पेन काढलं. "सांगा वहिनी," ते म्हणाले, आणि इरावतीबाईंनी सांगितलं तसं लिहून घेतलं. मग मोबाइलवर मांडणी केली, बोटांवर मोजून ताळा बघितला, पुन्हा मोजलं आणि पेन खाली ठेवलं.

"काय निघालं?" मयुरेशनं विचारलं.

"तुझा मंगळ सातव्यात आलाय."

म्हणजे मुलीचा मंगळ गेला आणि मुलाला आला. मंगळाच्या मुलाला मंगळाचीच मुलगी हवी, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. नीलकंठराव मेधाची जुनी, चुकलेली पत्रिका घेऊन आले असते तर आता दोन्ही पत्रिका छान जुळल्या असत्या. मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही बाप पंचांगाकडे बघत बसले, आणि तेवढ्यात विद्युल्लताबाई बोलल्या.

"मला अजून एक गोष्ट कोणी विचारलेली नाही."

"कोणती?" नीलकंठरावांनी विचारलं.

"मुलगा कसा आहे."

या वेळी नीलकंठरावांनी नियम काढला नाही. "कसा आहे?" ते म्हणाले.

विद्युल्लताबाईंनी मयुरेशकडे एकवार नीट बघून घेतलं. "हा खिचडी खायला जाणार नाही," त्या म्हणाल्या.

इरावतीबाईंनी मान डोलावली आणि साखरेची वाटी आणायला आत गेल्या. नीलकंठरावांनी दोन्ही पत्रिका घडी करून खिशात घातल्या आणि पंचांग बळवंतरावांपुढे सरकवलं, साखरपुड्याचा दिवस बघायला.