कानडी भजनाची कॅसेट

आमच्या ओंकारचं जावळ जोतिबाच्या डोंगरावर इंग्रजी गाण्यावर निघालं. ह्यात माझी चूक एवढीच, की त्याआधी वर्षभर मी तोंड उघडलं न्हाय.

(रीतीनं सांगते. मी सातवीपतूर शिकलेली, भ्याले की मागचं म्होरं सांगते, आणि भ्यालेली मी कायम असते. सांभाळून घ्या.)

लग्न होऊन शिरोळातनं कोल्हापुरात राजारामपुरीत आले, तवा आम्ही एका कॅसेटच्या दुकानाच्या वर भाड्यानं ऱ्हात होतो. दुकान अण्णांचं, घर बी त्यांचंच. लोक गाण्यांची यादी घेऊन यायची, अण्णा कोऱ्या कॅसेटीत तेवढी गाणी भरून द्यायचे. गिऱ्हाईक असलं की लावणी नायतर भक्तिगीतं. गिऱ्हाईक गेलं की अण्णा आपल्या आवडीचं लावायचे. इंग्रजी, तीस वर्षांपूर्वीचं, गिटार आणि ढोल, आणि मधनंच एक गडी असा वरडायचा की जणू त्याच्या पायावरनं ट्रॅक्टर गेलाय.

ओंकारच्या वेळेला डॉक्टरबाईंनी मला पडून ऱ्हायला सांगितलं. मी वर फरशीवर, गाणी खाली फरशीखाली, असं पाच महिनं चाललं. पयल्या महिन्यात डोकं उठलं. दुसऱ्या महिन्यात पाय आपोआप हलायला लागला. तिसऱ्या महिन्यात अण्णा दुकान बंद करून जेवायला गेले की मला करमायचं न्हाय. एक अक्षर कळत न्हवतं. पण पोटात सारखं भ्या बसलेलं असायचं, बाळाचं कसं हुईल, माझं कसं हुईल, आणि तो गडी खालनं वरडला की वाटायचं, बरं झालं बाई, माझ्या वाटणीचं बी ह्योच वरडतोय.

ओंकार झाला. झाला तो रडतच, आणि गप व्हायचा तो फकस्त खालचं दुकान चालू असताना. रविवारी दुकान बंद, की आमच्यात आकांत. मग मी बाळाला घेऊन दबकत अण्णांकडं गेले.

"अण्णा, मला एक कॅसेट भरून पायजे. तुमच्यातली."

अण्णा बघतच ऱ्हायले. आयुष्यात पयल्यांदा कुणीतरी मागितलं असणार. "यादी?"

यादी कुठली? मला नावं काय ठावं? मी म्हटलं, "ते न्हवं का, ज्यात गडी आधी बारीक रडतोय, मग गिटार रडती, आणि शेवटी दोघं मिळून रडत्यात."

"सूनबाई, असली चाळीस हायेत."

मग मी तोंडानं वाजवून दावलं. टेबलावर थापा मारल्या. एक तर पायानं. अण्णांनी एका बाजूला संथ गाणी भरली आणि दुसऱ्या बाजूला ढोलवाली. वर चिठ्ठीवर कानडीत कायतरी लिवलं. अण्णा शिकले कानडी शाळेत, कॅसेटीवर सगळं कानडीतच लिवायचे.

घरी आले तर आत्ती दारात. आत्ती म्हंजे माझ्या सासूबाई. त्यांनी कॅसेट हातात घेतली, चिठ्ठी बघितली, आणि चेहरा एकदम मऊ झाला.

"कानडी भजन व्हय गं मंगल?"

आता इथंच सांगायचं. पण माझी मान अशी हाय, समोर आत्ती असल्या की ती आपणहून वरखाली हलती. हलली.

घरातल्या टेपवर लावली, तर पयल्या बाजूला पेटीसारखं कायतरी लांबलचक वाजत होतं, मागनं चारपाच जण आ आ करत होते. ओंकार गपकन झोपला. आत्ती भिंतीला टेकून हात जोडून बसल्या. "कसला आर्त आवाज हाय बघ, देवासाठनं किती तळमळतोय," म्हणाल्या. मी बी हात जोडले. काय करणार? दुसरी बाजू मी आत्ती मंडईला गेल्या की लावायची, तवा मात्र मी आणि ओंकार दोघं नाचायचो.

आत्तींनी गल्लीभर केलं, आमचा नातू कानडी भजनाबिगर झोपत न्हाय. भिशीतल्या बायका बघायला यायला लागल्या. एकीनं टेपला हळदीकुंकू लावलं. मी रोज ठरवायची, आज सांगायचं, आणि रोज मान हलायची.

मग जावळ ठरलं. देव जोतिबा, तवा डोंगरावरच काढायचं. आत्तींनी बूथवरनं निपाणीला बहिणीला फोन लावला. ही निपाणीची मावशी, लग्नापासनं तिकडं, बोलणं-लिवणं सगळं कानडीत.

"शांते, तू येच. येताना टाळ आण. आपण भजनाला साथ करू."

मी तिथंच जोतिबाला साकडं घातलं, मावशीची गाडी चुकू दे.

डोंगरावर सगळी जमली. गुलालानं लाल झालेली फरशी, आणि त्यावर चादर टाकलेली. शिरोळास्नं माझा दादा आलता. भाच्याला मांडीवर घ्यायचा मान मामाचा. न्हावीकाकांनी वस्तरा काढून दगडावर दोनदा घासला. एवढंसं टकुरं, त्याच्यावर एवढं पातं. पोरगं जरा हललं तर? काकांनी आधीच सांगितलं, "बाळ हललं तर माझा हात चालणार न्हाय. आधीच सांगतो."

आत्ती ठसक्यात म्हणाल्या, "हलतोय कशाला? मंगल, भजन लाव."

मी संगट आणलेला टेप लावला. नवीन सेल घातल्यालं, आवाज दणक्यात. पेटी सुरू, आ आ सुरू. ओंकार पुतळ्यासारखा. वस्तरा सरसर चालायला लागला. मावशीनं टाळ उचलला, दोन ठोके दिले, आणि खाली ठेवला.

"अक्का, हे कानडी न्हवं."

"जुनं कानडी असंल."

"अक्का, मी तीस वर्षं निपाणीत हाय."

"मग तुमच्या खालच्या अंगाचं असंल की. धारवाडाकडचं."

मावशी काय थांबायची. तिनं टेप बंद केला, कॅसेट बाहेर काढली, चष्मा चढवला आणि चिठ्ठी मराठीत मोठ्यानं वाचली. "वरची सूनबाई. इंग्लिश, जुनं. दुसरी बाजू मोठ्यानं लावू नये, घर आपलं हाय."

आमच्या मालकांनी, म्हंजे ओंकारच्या बापानं, तर लगेच चपला शोधायला सुरुवात केली. आत्ती माझ्याकडं वळल्या. "मंगल?"

मान हलली.

आणि तेवढ्यात ओंकारला कळलं की गाणं थांबलंय. त्यानं जी किंकाळी फोडली, ती पायथ्याला ऐकू गेली असणार. डोकं डावीकडं, उजवीकडं, दादाच्या मांडीवरनं निम्मा खाली. काकांनी वस्तरा मिटला. "न्हाय जमायचं. मी थांबलो."

थांबलो म्हंजे? पोराचं निम्मं डोकं गुळगुळीत आणि निम्म्यावर झिपऱ्या. अर्धं जावळ घेऊन देवाच्या दारातनं माघारी कसं जायचं?

"आपण खरं भजन म्हणू," आत्ती म्हणाल्या. म्हटलं. मावशीनं टाळ धरला. ओंकार आणिक चढला. दादानं खुळखुळा वाजवला, मालकांनी पेढा दावला, बाजूच्या एका पावण्यानं स्वतःची टोपी काढून पोराच्या म्होरं नाचवली. काय उपेग न्हाय. पोरगं काळंनिळं व्हायला लागलं.

"धरा चौघांनी घट्ट," कोणतरी म्हणालं. "काढा तसंच."

तवा माझ्यात काय शिरलं ठावं न्हाय. भ्या तर होतंच, उलट जास्ती होतं. पण आत्तींच्यापेक्षा त्या वस्तऱ्याचं जास्ती होतं. मी उठले. मावशीच्या हातनं कॅसेट घेतली.

"मंगल, खाली ठेव ते. देवाच्या दारात इंग्रजी लावतीस?"

"व्हय आत्ती. लावते," मी म्हटलं. दोन वर्षांत पयल्यांदाच माझी मान न्हवती हलली, तोंड हललं होतं. "पोराला धरून कुणी वस्तरा लावायचा न्हाय. जावळ आजच निघंल आणि पुरं निघंल. मागनं मला काय बोलायचं ते बोला."

आवाज असा थरथरत होता की निम्मं कुणाला कळलंच न्हाय म्हणं. पण हात थांबला न्हाय. कॅसेट कोंबली, आवाजाचं बटण पुरं फिरवलं, आणि दाबलं.

घाईत दुसरी बाजू लागली.

ढोलाचा असा दणका उठला की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. मागनं गिटार, मागनं तो माझा ट्रॅक्टरवाला गडी, पुऱ्या ताकदीनं. ओंकार जागच्या जागी थिजला. तोंड उघडं, डोळे टेपवर, एक केस हलंना. मी काकांवर वरडले, "काका, आता!" काकांनी वस्तरा उघडला. देवळात वाजवून निघालेला एक हलगीवाला थांबला, जरा कान देऊन ऐकलं, आणि त्यानं हलगीवर नेमका तोच ठेका धरला. एवढा बेस जमला की मावशीचा टाळ कधी उचलला गेला ते तिचं तिला कळलं न्हाय.

गाणं संपायला आणि शेवटची झिपरी पडायला एकच गाठ पडली. हलगीवाल्यानं "चांगभलं" म्हणून आरोळी दिली. कुठं एक ओरखडा न्हाय. मी मात्र तिथंच बसकण मारून हमसून हमसून रडले, आधी बारीक, मग मोठ्यानं, अगदी त्या गाण्यासारखी.

टेम्पोतनं डोंगर उतरताना आत्तींनी ओंकारच्या गुळगुळीत डोक्यावर पदर टाकला. मग म्हणाल्या, "मंगल."

"व्हय आत्ती."

"ते पयल्या बाजूचं, पेटीवालं. ते तरी देवाचं असंल की."

मान हलली.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. अण्णांनी दुकानात मोबाईलचं रिचार्ज सुरू केलं, कॅसेटीचं दिवस संपले, पण माझी ती एक कॅसेट आणि तो टेप अजून चालू हाय. ओंकार आता इंग्रजीत पयला येतोय. परवा आत्तींनी दुपारी ते पेटीवालं लावायला सांगितलं, हात जोडले, आणि सहज विचारलं, "ओंकार, काय म्हणतोय रं ह्यो?"

ओंकारनं कान दिला. "आज्जी, तो म्हणतोय, बायको दुसऱ्याबरोबर गेली, तवापासनं मला झोप न्हाय."

आत्तींनी जोडल्याले हात सावकाश सोडले. एकदा टेपकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आणि दुसऱ्या बाजूला काय म्हणतोय?"

ओंकारनं कॅसेट उलटी करायला हात पुढं केला. दुसरी बाजू तर मी वर्षानुवर्षं भांडी घासताना मोठ्यानं गात आले होते, शेजारच्या इंग्रजीच्या मास्तरीणबाईंच्या खिडकीसमोर. मी झेप घेऊन टेप बंद केला.

"ते न्हाय कळायचं त्याला, आत्ती," मी म्हटलं. "ते कानडी हाय."