चेसीवरचं नाव

"भांड्यावर दुसऱ्याचं नाव असंल तर त्यात देवाला निवद दाखवत न्हाईत साहेब, ही गाडी तर मी घरच्या माणसाला बसायला केलीय."

गुरुबसप्पा आरटीओच्या भर कचेरीत असं म्हणाले आणि सगळी कचेरी हसली. पाण्याचा जार घेऊन आलेला माणूससुद्धा हसला. हसली नाही ती त्यांची मुलगी वैजयंती. तिला बापाची लाज वाटली. पुढं त्या लाजेनं दिशा बदलली, पण त्याला वेळ लागला.

गुरुबसप्पांचा जन्म यंत्रमागांवर गेला. बिघडलेला माग चालू करणं हे त्यांचं काम. मालकाशी तेलुगूत बोलायचे, बायकोशी कन्नडात आणि लोखंडाशी मराठीत भांडायचे. माणूस हट्टी. चूक दाखवली की आवाज चढायचा, आणि चूक खरी असली की आणखी चढायचा.

त्यांची बायको सुंदरम्मा न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय वाकेना. बसची पायरी चढवेना. शेजारच्या श्रीमंत नावाच्या रिक्षावाल्याच्या रिक्षात घालायचं तर पाय बाहेर राही. थोरली बहीण होटगीला, इतकी जवळ, तरी भेट बंद. एका खिडकीवर बाईचा दिवस निघू लागला. तेव्हा गुरुबसप्पांनी भंगार बाजारातून जुन्या जीपची चेसी आणली, म्हणजे गाडीचा नुसता लोखंडी सांगाडा. तिच्यावर एका टेम्पोचं इंजिन चढवलं, पत्रा ठोकला. आणि डावीकडची सीट मागाच्या बेअरिंगवर अशी बसवली, की ती दारातून बाहेर वळायची. सुंदरम्मानं काठी टेकून नुसतं मागं बसायचं. सीट तिला पायासकट आत घ्यायची.

घोळ झाला खंडेनवमीला. मोडीतलं जुनं भांडं घरी आणलं की त्यावरचं परक्या घराचं नाव आधी घासून काढायचं, आपलं घालून घ्यायचं, मगच ते देवापुढं ठेवायचं. ही त्यांच्या आईची शिस्त. पूजेसाठी गाडी धुताना चेसीवर त्यांना कुणाचे तरी आकडे दिसले. ग्राइंडर लावून त्यांनी ते साफ केले. मग भांड्यांवर नावं घालणाऱ्या कारागिराला बोलावून त्या जागी ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलं : सौ. सुंदरम्मा.

"आप्पा, तो चेसी नंबर होता!" वैजयंती ओरडली.

"आसंल. माझा काय बाप लागत होता व्हय त्यो?"

होटगीच्या रस्त्यावर पहिल्याच फेरीला आरटीओच्या माणसांनी गाडी अडवली. सुंदरम्माला तिच्या सीटवरून उतरवून रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. गाडी जप्त होऊन कचेरीच्या आवारात गेली. दंडाच्या पावतीवर स्वच्छ लिहिलं होतं, 'मोटार, विनानोंदणी.' तीच पावती घेऊन बापलेक नोंदणीसाठी गेले, तर साहेब म्हणाले, ही मोटारच नव्हे.

"कंपनी कुठली?"

"मीच की."

"काका, असं नसतं. पुण्याहून चाचणीचा दाखला आणा."

"नेतो. सोडा गाडी."

"रस्त्यावर कशी सोडणार? नंबर नाही."

"मग नंबर द्या."

"दाखला आणा."

हे दळण कितीतरी दिवस चाललं. दंड करायला जी मोटार होती, ती नंबर द्यायला नव्हती. चेसी विकत घेतल्याची पावती होती, पण ती ज्या आकड्यांची होती ते आकडे गुरुबसप्पांनीच घासले होते. आता ते लोखंड चोरीचं नाही हे सिद्ध करायचं होतं, आणि ते करायचं होतं त्यांनीच. चूक त्यांची होती, हे वैजयंतीला कळत होतं. पण एक दिवस आवारात शिरताना तिनं पाहिलं : कचेरीतला एकजण तिच्या आईच्या सीटवर बसून गरगर फिरत होता, आणि साहेब हातातला चहा सांभाळत म्हणत होते, "आता माझा नंबर!" त्या दिवसापासून बापाची लाज वाटणं थांबलं.

आवारातल्या लिंबाखाली नंदू एजंट बसायचा. त्यानं गुरुबसप्पांना बोलावलं.

"मामा, माझ्याकडं एका जीपचे कागद हायती. कागद जित्ते, जीप मेलेली. तुमची गाडी जित्ती, कागद न्हाईत. लगीन लावून देतो की! तेवढं काकूंचं नाव घासा, तिथं हा नंबर मारा. साहेब त्या दिवशी चष्मा विसरत्यात."

"साहेबास्नी म्हाईत हाय?"

"त्यांनीच तर मला तुमचं नाव सांगितलं."

गुरुबसप्पा इतके चिडले की शब्द सापडेनात. खरं सांगणाऱ्याला दार बंद, आणि खोट्याला आतूनच कडी काढून देतात! घरी आल्यावर मात्र शब्द सापडले, तोफ मुलीवर डागली गेली.

"तू मास्तरीण ना गं? तूच सांग. पोरांनी परीक्षेत नक्कल केली तर काय करतीस?"

"छडी उचलते," वैजयंती म्हणाली. "पण अव्वा खिडकीला बसून कुजतीय, आप्पा. करून टाका."

खिडकीतून सुंदरम्मा म्हणाली, "अय्यो, माझं नाव घासलं म्हणून मी मरते काय? मला नाव नको. मला बसायला जागा पायजे."

सकाळी गुरुबसप्पांनी हत्यारांची पिशवी उचलली, श्रीमंतला रिक्षा काढायला सांगितली. वैजयंतीला वाटलं, मानलं एकदाचं.

आवारात नंदू हातोडी आणि आकड्यांचे ठसे घेऊन तयार होता. साहेब खरोखरच चष्म्याविना दारात उभे होते. गुरुबसप्पा गाडीपाशी बसले, चेसीवरच्या ठिपक्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पिशवीतून ग्राइंडर नाही, पाना काढला आणि सीटचे नट सोडवायला लागले.

"मामा, नाव खाली हाय, नाव!" नंदू म्हणाला.

शेवटचा नट निघाला. बेअरिंगसकट सीट त्यांनी खांद्यावर घेतली.

"अहो काका! ठेवा ती खाली. जप्तीतला माल आहे!" साहेब ओरडले.

"कसला माल?" वैजयंती मध्ये उभी राहिली. तिचा आवाज थेट बापाचा होता. "तुमच्या लेखी इथं मोटारच नाही ना साहेब? मग जी मोटारच नाही तिची सीट कुठली? चष्मा लावा आणि दाखवा, कुठं लिहिलीय ती."

साहेबांचा हात खिशाकडं गेला. खिशात चष्मा होता. तो त्यांना काढता येईना.

फाटकाबाहेर श्रीमंतनं या सीटला जागा करायला रिक्षाची मागची गादी उचलून बाजूला ठेवायला घेतली होती. गुरुबसप्पांनी नंदूकडं पाहिलं नाही, साहेबांकडं नाही, आपल्या हातानं उभ्या केलेल्या गाडीकडंही नाही. खांद्यावरची सीट सावरत ते फाटकाबाहेर गेले.