मावशीने पुसलेली कुजबुज

आमच्या मावशीला ऑफिसात सगळे कानसेन म्हणत. ऑपेराच्या जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढून ती नव्याने ऐकण्याजोगी करायची, हे तिचं काम. पंचवीस वर्षं कानांवर हेडफोन चढवून तिने ते केलं. घरातला नळ ठिबकला तरी तिला दुसऱ्या खोलीत कळायचं. काकांनी सांगितलेली कामं मात्र तीनदा सांगूनही ऐकू जायची नाहीत.

एकदा तिच्याकडे सत्तर वर्षांपूर्वी भर प्रयोगात केलेलं एक रेकॉर्डिंग आलं. मावशीने ते घासूनपुसून लख्ख केलं. प्रेक्षकांचे खोकले गेले, खुर्च्यांची करकर गेली. गायकांच्या ओळीआधी कुणाची तरी कुजबुज यायची, तीही तिने दुधातली माशी काढावी तशी काढून टाकली. सीडी निघाली, साहेब खूश झाले.

महिन्याभराने एक आजीबाई जिना चढून आल्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या, हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली त्याच प्रयोगाची जुनी रेकॉर्ड. जरा दम खाऊन म्हणाल्या, "तुमच्या सीडीत सगळे आहेत. माझे बाबा तेवढे नाहीत."

त्यांचे वडील प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या खोक्यात दडून गायकांना ओळी सांगायचे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. मावशी ओशाळून गेली.

साहेबांनी हात झटकले. मावशीने वाद घातला नाही. मूळ टेप काढली आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून खरखर बेताने कमी केली, कुजबुज ठेवली. गंमत म्हणजे गायिकेचा आवाजही आता जिवंत वाटायला लागला. आधी सफाईच्या नादात त्याची धारच गेली होती. साहेबांनी आधीची आणि ही, दोन्ही आवृत्त्या ऐकल्या, बराच वेळ टेबलावर पेन्सिल वाजवली आणि पुढची आवृत्ती हीच काढायची, असं ठरवलं.

मग आजीबाईंना बोलावलं. हेडफोन लावून त्या डोळे मिटून बसल्या. तिसऱ्या अंकात एकदम तोंडावर हात ठेवून हसायलाच लागल्या. तिथे गायिका भलतीच ओळ गाते. त्यांच्या रेकॉर्डवर त्याआधी नुसती पुटपुट ऐकू यायची. आता शब्द न् शब्द कळत होता. ती चुकीची ओळ बाबांनीच सांगितली होती, आणि घरी मात्र जन्मभर त्या बाईच्या नावाने खडे फोडले होते.

मावशीने हळूच विचारलं, "एवढी एक काढून टाकू का?"

"छे," डोळे पुसत आजीबाई म्हणाल्या, "राहू दे. असेच होते ते."